ग्रंथिक ज्वर आणि दहा पदरांची कणगी
द्वितीय वर्ष, कला शाखा (इतिहास)

आपल्या अभ्यासक्रमात प्लेग येतो तो मोजक्या ओळींपुरता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी पहिले रुग्ण ओळखले. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखालील सोजिरांनी घरोघर तपासणी केली. लोक चिडले आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. परीक्षेला एवढे पुरते. या सर्व हकिकतीत प्लेग मात्र नाटकातल्या पडद्यासारखा मागे टांगलेला असतो. सरकारने काय केले, पुढाऱ्यांनी काय लिहिले, लोकांनी काय सोसले हे आपण वाचतो. प्लेगने नेमके काय केले, ते कोणी विचारत नाही.

मला तो प्रश्न पडला त्या काळच्या लेखनात भेटलेल्या एका शब्दामुळे. त्या पिढीची मराठी माणसे या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ किंवा ‘ग्रंथिक ज्वर’ म्हणत. ग्रंथी म्हणजे गाठ. पिसू चावते बहुधा पायाला आणि गाठ उठते जांघेत. हाताला चावली तर काखेत. मधल्या वितीदोन वितींच्या अंतरात काय घडते? टाचणीच्या टोकाहून लहान अशा जखमेतून आत शिरलेला जंतू तिथेच का अडकून पडत नाही?

शरीर काही स्वस्थ बसलेले नसते. कातडीला छिद्र पडले की रक्त साकळते. फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे एकमेकांत गुंततात, त्यांचे जाळे होते, आणि आत शिरलेली घाण त्या जाळ्यात कोंडली जाते. पुष्कळ जंतूंची कथा तिथेच संपते. प्लेगच्या जंतूची संपत नाही, कारण ते जाळे विरघळवण्याची युक्ती त्याच्या अंगावरच असते. त्याच्या सर्वांत बाहेरच्या आवरणात एक प्रथिन बसवलेले आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘प्ला’ म्हणतात. नाव आपल्या जिभेला पोरकट वाटते. त्याचे काम तसे नाही. या लेखाचा विषय हे प्रथिन, आणि ते ज्या घराण्यातले आहे ते घराणे. विज्ञान हा माझा विषय नव्हे. दहावीनंतर मी कला शाखा घेतली, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरी विचारावे असे कोणी नव्हते. जे समजले ते ग्रंथालयातल्या पुस्तकांतून आणि विज्ञान शाखेतल्या एका मैत्रिणीला पुन्हा पुन्हा विचारून. म्हणून माझ्यासारख्याच वाचकासाठी पहिल्यापासून सांगते.

१८८४ साली हान्स क्रिश्चियन ग्राम या डॅनिश डॉक्टरने जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसावेत म्हणून त्यांना जांभळा रंग दिला व नंतर तो धुऊन पाहिला. काही जंतूंनी रंग धरून ठेवला, काहींनी सोडून दिला. ही विभागणी आजही दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत रोज केली जाते. रंग सोडणाऱ्यांना ‘ग्राम-निगेटिव्ह’ म्हणतात. प्लेग, पटकी आणि विषमज्वर या आपल्या इतिहासातल्या तिन्ही मोठ्या साथींचे जंतू याच गटातले आहेत. रंगाचा फरक हा मुळात अंगरख्याचा फरक होता, हे पुष्कळ उशिरा कळले. ग्राम-निगेटिव्ह जंतूला आवरणे दोन. आत एक पातळ मेदाचे पटल, त्याच्या बाहेर साखर आणि प्रथिनाच्या तुकड्यांची विणलेली एक बारीक जाळी, आणि तिच्याही बाहेर आणखी एक पटल. हे बाहेरचे पटल म्हणजेच आपला विषय. त्याचा आतला पदर साध्या मेदाचा असतो. बाहेरच्या पदरावर मात्र लिपोपॉलिसॅकराइड नावाचे रेणू दाटीने उभे असतात, म्हणजे बुडाशी मेद आणि वर साखरेच्या लांब साखळ्या. भाताच्या खाचरात आवण कसे दाट लावलेले असते, तसे काहीसे. पित्तासारखे झोंबरे द्रव आणि कितीतरी औषधे या दाटीतून आत शिरू शकत नाहीत.

परंतु तटबंदी इतकी पक्की असली तर आतल्यांनी खायचे काय? जंतूला साखर हवी, क्षार हवेत, लोह हवे, आणि आतली घाण बाहेर टाकायला वाटही हवी. म्हणून या पटलात दारे आहेत आणि ती सर्व प्रथिनांची आहेत. इथेच एक अडचण उभी राहते. ती ज्या रीतीने सोडवली गेली आहे ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. त्यामुळे इथे जरा रेंगाळते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. मणी वीस जातींचे. काही मण्यांना पाणी आवडते, काहींना पाणी नकोसे असते आणि ते तेलात रमतात. माळ पेशीत तयार झाली की ती आपल्या मण्यांच्या स्वभावानुसार घडी घालून घेते. तेलकट मणी आत दडतात, पाण्याचे मणी बाहेर राहतात. पण पटल हेच मुळी मेदाचे, म्हणजे तेलकट. त्यात राहणाऱ्या प्रथिनाला उलट करावे लागते. बाहेरून, मेदाला टेकणाऱ्या बाजूने, तेलकट व्हावे लागते. आणि दार व्हायचे तर आतून पाण्याची वाट ठेवावी लागते. शिवाय मण्यांचे कसेही असो, माळेचा दोरा स्वतःच पाण्याकडे ओढला जाणारा असतो. त्याच्या नायट्रोजन-हायड्रोजनच्या आणि कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्यांना धरायला कोणीतरी हवे असते. पाण्यात पाणी धरते. तेलात कोण धरणार?

उत्तर असे की दोऱ्याने दोऱ्यालाच धरायचे. माळ वर जाते, वळते, खाली येते, पुन्हा वळून वर जाते. आणि शेजारशेजारचे हे पदर हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. रसायनशास्त्रात अशा ताठ पदराला बीटा पदर म्हणतात आणि अनेक पदरांची मिळून बीटा चटई होते. मात्र चटई सपाट ठेवली तर दोन कडा मोकळ्या राहतात, आणि त्या कडांचे हात रिकामेच. तेव्हा चटई गोल वळवायची आणि शेवटचा पदर पहिल्या पदराला नेऊन भिडवायचा. आता एकही हात रिकामा नाही. चटईचे पिंप झाले.

पुस्तकांत याला ‘बीटा बॅरल’ म्हणतात आणि आपल्याकडचे लेखक ‘बीटा पिंप’ लिहितात. मला त्या आकृत्या पाहून पिंप आठवले नाही, कणगी आठवली. आमच्या खडवलीच्या घरी माझ्या आजीने भाताची कणगी अजून ठेवली आहे. तिच्यात आता भात कमी आणि जुनी भांडी जास्त असतात. कळकाच्या कामट्यांची, उभी, गोल, बाहेरून शेणमातीने लिंपलेली. लिंपण बाहेर आणि धान्य आत. मध्ये विणलेली भिंत. प्रथिनाच्या कणगीतही बाहेर मेद आणि आत पाणी. फरक आहे तो असा की इथे आडव्या कामट्या नाहीत. एकच अखंड कामटी वरखाली वळवत नेलेली आहे, आणि पदर सरळ उभे नसून पटलात तिरके, सुमारे पंचेचाळीस अंशांत कललेले असतात. तुलना इथवरच न्यावी.

ताठ पदरात मण्यांची तोंडे आळीपाळीने दोन बाजूंना होतात. एक आत, एक बाहेर, पुन्हा एक आत. त्यामुळे माळेत एक तेलकट, एक पाण्याचा, एक तेलकट अशी साधारण आळीपाळी ठेवली, की गोल वळल्यावर सगळे तेलकट मणी आपोआप बाहेरच्या अंगाला आणि पाण्याचे आतल्या अंगाला येतात. मेद जिथे संपतो आणि पाणी सुरू होते त्या दोन्ही काठांवर टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन या दोन जाडजूड मण्यांचे पट्टे असतात. पिंपाला वर आणि खाली लोखंडी कडी ठोकलेली असावीत, तसे ते आकृतीत दिसतात. आतल्या बाजूची वळणे आखूड, बाहेरच्या जगाकडची वळणे लांब आणि सैल.

आता कोणी विचारील, आतल्या पटलातही प्रथिने असतात, ती तर पिंपे नसतात, मळसूत्रासारख्या पिळाची असतात. मग बाहेरच्यांनाच हा खटाटोप का? मीही मैत्रिणीला हेच विचारले. कारण प्रवासात आहे. बाहेरच्या पटलाचे प्रथिन तयार होते जंतूच्या पोटात. बाहेर जाण्यासाठी त्याला आधी आतले पटल ओलांडावे लागते. पीळवाल्या प्रथिनात वीसेक तेलकट मणी सलग असतात. अशी माळ आतल्या मेदातून जाऊ लागली तर तिथेच रुतून बसेल आणि पुढे सरकणार नाही. आळीपाळीच्या माळेत सलग तेलकटपणा कुठेच नसतो, म्हणून ती न रुतता पार होते आणि तिचा तेलकटपणा प्रकट होतो तो मुक्कामाला पोचून गोल वळल्यावरच. जन्माला येते तिथे राहायचे नाही आणि मधल्या ठाण्यावरही अडकायचे नाही, अशी या प्रथिनाची अट आहे. तिच्यातूनच त्याचा आकार आला.

मधल्या मोकळ्या जागेत या अर्धवट माळेला सांभाळून नेणारी सहायक प्रथिने असतात. बाहेरच्या पटलापाशी ‘बॅम’ नावाचे यंत्र तिला पटलात विणून बसवते. या यंत्राचा मुख्य भाग सोळा पदरांचा आहे, म्हणजे तोही एक कणगीच. कणगीनेच कणगी विणायची. हे यंत्र २००३ च्या सुमारास ओळखले गेले आणि त्याच्या मुख्य भागाची रचना २०१३ मध्ये स्पष्ट झाली. ते बंद पडले तर जंतू जगत नाही. २०१९ साली मातीतल्या सूत्रकृमींच्या पोटात राहणाऱ्या एका जिवाणूपासून मिळालेले डॅरोबॅक्टिन हे द्रव्य नेमके याच यंत्राला पकडते असे प्रसिद्ध झाले. माणसाला देण्याचे औषध त्यातून निघेल की नाही हे पुढचे पुढे; परंतु तटाच्या गवंड्यालाच धरायचे, ही कल्पना चांगली आहे.

आणखी एक गोष्ट आडवाटेची आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांच्या बाहेरच्या पटलातही असेच पिंप असते, एकोणीस पदरांचे. मायटोकॉन्ड्रिया हे कोणे एके काळी स्वतंत्र जिवाणू होते आणि दुसऱ्या पेशीत वस्तीला आले, असे जीवशास्त्र मानते. म्हणजे ही कणगी आपल्याही घरात आहे.

या घराण्यात लहानमोठी पुष्कळ मंडळी आहेत. आठ पदरांची आहेत तशी सव्वीस पदरांची आहेत आणि त्याहूनही मोठी सापडली आहेत. सर्वांत परिचित ती ‘पोरिन’, म्हणजे साधी दारे. सोळा पदरांची तीन पिंपे एकमेकांना चिकटून एक दार होते आणि एका जंतूवर अशा पिंपांची संख्या लाखाच्या घरात जाते. पिंपाच्या आत एक लांब वळण दुमडून बसलेले असते, त्यामुळे मधली वाट अरुंद होते. १९७६ साली ताइजी नाकाए यांनी या प्रथिनांमुळे पटलात वाट पडते हे दाखवले. नाकाए आणि हिरोशी निकाइडो यांच्या कामातून मापही कळले. सुमारे ६०० डाल्टन वजनापर्यंतचे रेणू आत जातात, त्याहून मोठे जात नाहीत. साखरेचा रेणू सहज जातो. व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक जवळजवळ साडेचौदाशे डाल्टनचे आहे, ते दारातच अडते. म्हणून ग्राम-निगेटिव्ह जंतूंवर ते चालत नाही. औषध जहाल असून भागत नाही, ते दारातून मावले पाहिजे. आणि काही जंतू औषधाच्या माऱ्याखाली आपली दारेच कमी करतात किंवा अरुंद करतात. आजच्या रुग्णालयांत औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची जी चिंता आहे, तिच्या अनेक कारणांपैकी हे एक.

या दारांचे प्रत्यक्ष रूप स्फटिकांवर क्ष-किरण टाकून पाहावे लागले. १९९० च्या सुमारास जर्मनीत फ्रायबुर्ग येथे पहिल्या पोरिनची रचना उलगडली. १९९२ मध्ये आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जंतूच्या पोरिनची. मेदात राहणाऱ्या प्रथिनाचा स्फटिक करणे हे फार चिकाटीचे काम आहे, असे सर्वच पुस्तके म्हणतात.

आता प्लेगकडे वळू. ‘प्ला’ हे दहा पदरांचे पिंप आहे. मात्र ते दार नव्हे. २०१० साली त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसते ते असे की पिंप पटलाच्या बरेच वर डोके काढून उभे आहे आणि वरच्या काठाशी, बाहेरच्या जगाकडे तोंड करून, एक खाच आहे. त्या खाचेत अस्पार्टिक आम्लाचे आणि हिस्टिडिनचे मणी समोरासमोर उभे राहून पाण्याचा एक रेणू धरून ठेवतात. एखादे योग्य प्रथिन त्या खाचेत आले, की तो पाण्याचा रेणू त्याचा बंध तोडतो. थोडक्यात, कणगीच्या तोंडाला विळी बसवलेली आहे.

ही विळी काय कापते? आपल्या रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचे प्रथिन नेहमीच असते. त्याला एका जागी छेद दिला की ते जागे होते आणि प्लाझ्मिन बनते. प्लाझ्मिनचे काम साकळलेले रक्त विरघळवण्याचे. जखम भरून आल्यावर शरीर स्वतःच त्याला जागे करते, आणि त्यावर लगाम ठेवणारे दुसरे एक प्रथिनही रक्तात असते. प्लेगचा जंतू प्लाझ्मिनोजेनला नको तेव्हा जागे करतो आणि तो लगामही कापून टाकतो. ज्या जाळ्यात त्याला कोंडायचे ते जाळे शरीराच्याच हातांनी उसवले जाते. मग जंतू लसीकावाहिन्यांच्या वाटेने जांघेतल्या गाठीपर्यंत पोचतात, आणि गाठ फुगते. ग्रंथिक ज्वर या शब्दातल्या ग्रंथीचा उलगडा असा.

हे नुसते अनुमान नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला. ‘प्ला’ काढून टाकलेले जंतू कातडीखाली टोचले, तर उंदीर मरण्यासाठी जवळजवळ दहा लाख पट जास्त जंतू लागले. तेच जंतू सरळ रक्तात सोडले तर फारसा फरक पडला नाही. म्हणजे ‘प्ला’ लागते ते मुख्यत्वे कातडीतून बाहेर पडण्यासाठी. पुढे २००७ मध्ये असेही दिसले की फुप्फुसांचा प्लेग, जो खोकल्याच्या तुषारांतून पसरतो, तोही ‘प्ला’वाचून नीट वाढत नाही.

या विळीला एक अट आहे. तिला लिपोपॉलिसॅकराइडचा आधार लागतो. तो नसेल तर ती कापत नाही. पण त्याच्या साखरेच्या साखळ्या फार लांब असतील, तर त्या खाचेवर आडव्या येतात आणि विळी झाकली जाते. प्लेगचा जंतू ज्या मूळ जंतूपासून काही हजार वर्षांपूर्वी निघाला, त्याच्या अंगावर अशा लांब साखळ्या आहेत. तो मूळ जंतू बहुधा पोटाच्या साध्या दुखण्यावर भागवतो. प्लेगच्या जंतूत त्या लांब साखळ्या तयार करण्याची शक्ती नष्ट झाली आहे. अंगावरचे आवण कापले गेले, म्हणून विळीला हात फिरवायला जागा झाली. वस्तू नवी मिळण्याइतकेच जुनी हरवण्यानेही माणसाचे काय, जंतूचेही रूप पालटते!

विळी मिळाली कुठून? जंतूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्याजवळ डीएनएची लहान लहान कडी असतात. त्यांपैकी साडेनऊ हजार अक्षरांच्या आसपासचे एक चिमुकले कडे आहे. त्याच्यावर ‘प्ला’चा नमुना लिहिलेला असतो. इथपासून माझा विषय सुरू होतो असे मी म्हणेन, कारण हे कडे आता कागदपत्रासारखे वाचता येते. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड येथे १३४८-४९ च्या महामारीत मेलेल्यांची दफनभूमी आहे. तिथल्या सांगाड्यांच्या दातांतून २०११ साली नेमके हेच कडे मिळवून वाचण्यात आले. त्याहून जुने, ब्राँझयुगातले, चारपाच हजार वर्षांपूर्वीचे जंतूही युरोप-आशियातल्या दातांत सापडले, आणि त्यांच्याजवळही ‘प्ला’ होते. पण त्यांच्या ‘प्ला’मध्ये २५९ व्या जागी आयसोल्युसिन हा मणी होता. नंतरच्या मोठ्या साथींच्या जंतूंत त्या जागी थ्रिओनिन आहे. २०१५ मधल्या प्रयोगांत दिसले की जुन्या मण्याचे ‘प्ला’ फुप्फुसाचा रोग करायला पुरते, पण कातडीतून गाठीपर्यंत आणि गाठीतून सर्वांगात पसरायला नवा मणी फार उपयोगी पडतो. जवळजवळ तीनशे मण्यांच्या माळेत एक मणी बदलला. इतिहासाच्या पुस्तकात राजघराणी बदलतात त्यांच्या सनावळ्या आपण पाठ करतो. ही सनावळी कोणी पाठ करून घेत नाही.

आता मुंबईत परत येऊ. १८९६ मध्ये यातले काहीच ठाऊक नव्हते. जंतू दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला अलेक्झांडर येरसिन यांनी ओळखला होता, एवढेच. पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला, आणि तोही लगेच कोणी मानला नाही. मधल्या काळात रोग घरातल्या घाणीत, कपड्यालत्त्यात आणि माणसांच्या येण्याजाण्यात आहे असे धरून सारे उपाय चालले. घरांची छपरे उघडली, सामान जाळले, माणसे उचलून छावण्यांत नेली. आमच्या लोहमार्गावर कल्याण स्थानकात मुंबईहून येणाऱ्या उतारूंना उतरवून डॉक्टर त्यांची तपासणी करीत; काखा-जांघा चाचपून गाठ आहे का पाहत. बायकांची तपासणी हा तर संतापाचा मोठा विषय झाला. मी रोज कसारा लोकलने त्याच कल्याणला उतरते, आणि हे वाचल्यापासून तो फलाट मला थोडा वेगळा दिसतो. त्या चाचपणाऱ्या हातांना गाठ सापडे तेव्हा पिसवाच्या दंशापासून गाठीपर्यंतचा जंतूचा प्रवास पुरा झालेला असे. उशीर होऊन गेलेला असे.

सोजिरांच्या वागण्याचे समर्थन त्यांच्या अज्ञानाने होत नाही, हे स्पष्ट लिहिते. अज्ञान डॉक्टरांनाही होते आणि व्हिएगास यांच्यासारखे डॉक्टर वस्तीत राहून लोकांशी बोलून काम करीतच होते. सावित्रीबाईंना तर पिसूही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना चालवला आणि त्या स्वतः रुग्ण आणून पोचवीत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. हात लावल्याने काय होईल हे माहीत नसताना त्यांनी हात लावला. सोजिरांचेही हातच, अज्ञानही तेच.

त्याच अंधारात वाल्डेमार हाफकिन काम करीत होते. ओडेसात जन्मलेला हा शास्त्रज्ञ १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईला आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात एका लहानशा जागेत लसीच्या मागे लागला. रस्सा भरलेल्या भांड्यांत तो जंतू वाढवी. जंतूंना लोंबकळायला आधार मिळावा म्हणून रश्श्यावर त्याने तुपाचे थेंब टाकले. त्या तुपाच्या थेंबांखाली जंतूंचे झुपके गुहेतल्या लोंबत्या खडकांसारखे वाढत. मग ते तापवून मारायचे आणि टोचायचे. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. लस पूर्ण संरक्षण देत नसे, पण टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू कमी झाले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेगची प्रयोगशाळा आली. १९२५ पासून तिला हाफकिन यांचे नाव आहे. मेदाच्या थेंबाखाली वाढणाऱ्या त्या जंतूंच्या अंगावर दहा पदरांच्या कणग्या होत्या, हे त्यांना दिसणे शक्यच नव्हते.

भारतात त्या साथीने पुढच्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे विसाव्या शतकाच्या मध्याला आल्यावर प्लेग वेळीच ओळखला तर बरा होऊ लागला. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि नंतर सुरतेत तो पुन्हा दिसला, तेव्हा लोक गाड्या भरभरून सुरत सोडून गेले, परंतु मृत्यू मोजके झाले.

साथी संपतात कशा, हा प्रश्न इतिहासात नेहमी राहतो. स्वच्छता, औषधे, उंदरांचा नाश ही उत्तरे आपण देतो. २०२५ साली आणखी एक धागा हाती आला. सहाव्या शतकात सुरू झालेली पहिली आणि चौदाव्या शतकातली दुसरी, या दोन्ही महासाथींच्या उत्तरकाळातल्या मृतांच्या हाडादातांत जे जंतू मिळाले, त्यांच्याजवळ ‘प्ला’च्या प्रती कमी झालेल्या आढळल्या, तशाच घटलेल्या प्रतींचे काही आधुनिक जंतूही जतन केलेल्या संग्रहांत निघाले. असे जंतू टोचलेले उंदीर जास्त दिवस जगले. उंदीर दाट असतात तोवर धनी पटकन मेला तरी पिसवाला शेजारी दुसरा मिळतो. उंदीर विरळ झाले की सावकाश मारणारा जंतूच टिकतो, असा संशोधकांचा अंदाज आहे.